वाड्यातलं जुनं फर्निचर: स्वस्तात घेणं आणि पुन्हा वापरात आणणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पडक्या वाड्यातून, भंगाराच्या ढिगातून किंवा कुणाच्या गोठ्यातून कमी पैशात लाकडी सामान घेणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळा भर विदर्भाच्या हवेवर ठेवला आहे. मे महिन्यात ४५ अंशांवर तापणारी आणि ऑगस्टमध्ये भिंतीला बुरशी आणणारी हवा लाकडाचं जे करते, ते पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाही.

असं सामान खेड्यात निघतं कुठून?

पूर्व विदर्भात मालगुजारांचे (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे) वाडे आणि वऱ्हाडात देशमुख-पाटलांचे वाडे हा मोठा साठा. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. पुढच्या पिढ्यांत वाटण्या झाल्या आणि चार भावांत एका पलंगाचं काय करायचं, म्हणून तो माडीवर किंवा गोठ्यात गेला. दुसरा साठा कापसाच्या पेठांचा. हिंगणघाट, खामगाव, अकोट, वणी अशा गावांत बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कचेऱ्यांतून मुनीमाची उतरती डेस्कं, हिशेबाची कपाटं आणि जाड फळ्यांचे बाक निघतात. जुन्या शाळा, सहकारी सोसायट्या आणि सरकारी कचेऱ्या मोडकं सामान लिलावात काढतात. त्याची सूचना बहुतेक वेळा फक्त फलकावर लागते, त्यामुळे फलक वाचायची सवय ठेवा.

तालुक्याच्या भंगारवाल्याकडे फोन नंबर देऊन ठेवणं सर्वांत उपयोगी. त्याला लाकडापेक्षा लोखंडात रस असतो. लाकडी सामान पडून जागा अडवतं आणि शेवटी सरपणाच्या भावात जातं. घर पाडण्याचा ठेका घेणाऱ्यांशी ओळख असेल तर आणखी बरं, कारण वस्तू भंगारात पोचेपर्यंत तिचे पाय तुटलेले असतात.

शोधायचा योग्य काळ कोणता?

फेब्रुवारी ते मे. पावसाळ्याआधी जुनी घरं पाडली जातात आणि सामान अंगणात येतं. उन्हाळ्यात लाकूड सर्वांत सुकलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक भेग आणि प्रत्येक ढिला सांधा उघडा दिसतो. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड घट्ट वाटतं. ऑगस्टमध्ये पक्की वाटलेली खुर्ची एप्रिलमध्ये हलायला लागली तर विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

वस्तू खरंच जुनी आहे, की जुनी दिसावी म्हणून बनवली आहे?

दर्शनी भाग बघून काही कळत नाही. ड्रॉवर बाहेर काढा, कपाटाची पाठ बघा, टेबल उलटं करा. हाताने रंधलेल्या फळीच्या मागच्या बाजूवर बोटं फिरवली की हलक्या लाटा जाणवतात. यंत्राने रंधलेली फळी सपाट लागते. हातकरवतीच्या खुणा सरळ पण असमान अंतरावर असतात, गोल पात्याच्या आरायंत्राच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या. सांध्यात बांबूची खुंटी दिसली तर चांगलं लक्षण. चौकोनी अंगाचे, ठोकून घडवलेले खिळे जुने, तारेचे गोल खिळे नंतरचे, आणि चांदणीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तिथे अलीकडे हात लागला आहे असं समजा.

झिजेकडेही बघा. खुर्चीच्या हातावर, ड्रॉवरच्या खालच्या कडेवर, पुढच्या पायांच्या आडपट्टीवर झीज हवीच. जिथे हात-पाय लागतच नाहीत तिथे गुळगुळीत झीज दिसली तर ती कागदाने घासून आणलेली असते. प्लायवूडची पाठ असेल तर वस्तू नवी, किंवा पाठ बदललेली. बदललेली पाठ हा काही मोठा दोष नाही, भाव मात्र त्याप्रमाणे द्या.

लाकूड कोणतं आहे ते कसं ओळखायचं?

आतल्या, न दिसणाऱ्या जागी चाकूने जरासं खरवडा. सागवानाचा चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो आणि रंग सोनेरी तपकिरी असतो. आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागाला बाजारात ‘सीपी टीक’ म्हणतात. मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) नावावरून आलेलं हे नाव अजून टिकून आहे. शिसम त्याहून स्पष्टपणे जड, जांभळट-काळसर. बिजाची खूण मजेशीर आहे: त्याची साल काढलेली गाभ्याची ढलपी पेलाभर पाण्यात टाकली की थोड्या वेळात पाणी पिवळसर होतं आणि उजेडात निळसर झाक मारतं. ऐन गडद तपकिरी, जड आणि फाटायला सोपा. आंब्याचं लाकूड फिकट, हलकं, आणि भुंगेऱ्याला (लाकूड पोखरणाऱ्या किड्याला) फार आवडणारं.

ऑइल पेंट चढवलेला असेल तर वजनावरून अंदाज घ्या आणि पायाच्या तळाशी बघा. तिथे रंग झिजलेला असतो.

भाव किती द्यावा?

आधी लाकडाचा हिशेब करा, मग कारागिरीचा. ६ फूट × ३ फूट × १ इंच एवढ्या टेबलाच्या फळीत दीड घनफूट लाकूड असतं. ३ इंच × ३ इंच जाडीचे अडीच फुटी चार पाय म्हणजे आणखी सुमारे ०.६ घनफूट. चौकटीच्या पट्ट्या धरून अडीच घनफूट. जवळच्या लाकूड-अड्ड्यावर जुन्या सागाचा घनफुटाचा दर विचारून गुणा. त्या आकड्याच्या खाली वस्तू मिळाली आणि सांगाडा शाबूत असेल तर तोटा होत नाही.

मग दुरुस्तीचा खर्च वजा करा, आणि तो नेहमी कमी धरला जातो. वेताची बैठक पूर्ण विणणं, तुटलेला बेल्जियन आरसा बदलणं, हरवलेलं कोरीवकाम नव्याने करून घेणं, या तीन गोष्टी स्वस्त खरेदी महाग करतात. मळ, रंग, ढिले सांधे आणि गंजलेले स्क्रू हे चार दोष बघून गिऱ्हाईक पळतं, पण घरी निस्तरता येतात. तुमचा नफा याच चार दोषांत आहे.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर त्या वस्तूला भंगार म्हणू नका. भाव दुप्पट होतो किंवा सौदाच मोडतो.

फुकट मिळाली तरी कोणती वस्तू घेऊ नये?

उभ्या खांबांचा गाभाच पोकळ झालेला पलंग. चारही पाय वेगवेगळ्या दिशांना पिळलेली खुर्ची. सनमायका चिकटवलेलं जुनं टेबल, कारण खाली चांगली फळी निघेल याची खात्री नसते आणि चिकटवण्याआधी फळीला करवतीने खरखरीत केलेलं असतं. पाण्यात महिनोन्‌महिने उभं राहिलेलं कपाट, ज्याच्या तळाच्या वीतभर भागात सुरी सहज शिरते. शेवटच्या प्रकारात वरचं लाकूड सुट्या फळ्यांसाठी घेता येतं, पण मग भाव फळ्यांचा द्या.

खरेदीत कायद्याची काही अडचण?

घरगुती टेबल-खुर्चीला सहसा नाही, पण काही गोष्टी सांभाळा. वडिलोपार्जित सामान असेल तर एका भावाकडून घेऊन दुसऱ्याची तक्रार ओढवू नका. साध्या कागदावर वस्तूचं वर्णन, रक्कम, तारीख आणि हिस्सेदारांच्या सह्या घ्या. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. देवळातलं कोरीव लाकूड, मूर्ती, रथाचे भाग यांना हातच लावू नका.

वाड्याच्या तुळया, खांब, फळ्या असं सुटं सागवान नेणार असाल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतुकीच्या परवान्याचं विचारा. रस्त्यात गाडी अडली तर ‘जुनं आहे’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. दिवाणखान्यातली सांबराची शिंगं किंवा वाघाचं कातडं कुणी सोबत देऊ केलं तर घेऊ नका. वन्यजीव कायद्यात त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

गाडीत घालून आणताना काय मोडतं?

सर्वांत जास्त मोडतात ते पाय, आणि तेही उतरवताना. पलंग, मोठं कपाट सुटं करूनच आणा. बांबूची खुंटी मागून बारीक ठोकणीने बाहेर काढा, सांधा हलवून उपटू नका. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही भागांवर खडूने सारखा आकडा लिहा आणि फोटो काढा. हाताने बनवलेल्या वस्तूत चारही पाय सारखे दिसतात पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) किंवा बैलबंडीत खाली पोती, मध्ये गोधड्या, आणि दोरी लाकडावर थेट न येता गोधडीवरून. आरसा आणि काच उभी ठेवा, आडवी नको. ड्रॉवर काढून वेगळे न्या.

घरी आणल्यावर पहिलं काम कोणतं?

काहीच न करणं. आठ-दहा दिवस सावलीत, वारा खेळेल अशा पडवीत, विटांवर उचलून ठेवा. घरात इतर लाकडी सामान असेल त्या खोलीत नेऊ नका. खाली काळा कागद पसरा. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर आत जिवंत भुंगेरा आहे.

मग कोरडा ब्रश, मग कापड. त्यानंतर कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण, कापड घट्ट पिळून, एका वेळी हातभर जागा, लगेच कोरड्या फडक्याने पुसून. बादलीने पाणी ओतून धुण्याची पद्धत खेड्यात सर्रास दिसते आणि त्यानेच सरसाचे (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाचे) सांधे सुटतात. चुलीच्या धुराची काजळी आणि तेलकट थर साबणाने निघाला नाही तर टर्पेंटाइनचं फडकं वापरा. एवढ्यावर निम्म्या वस्तूंचं मूळ पॉलिश खालून वर येतं आणि पुढचं बरंच काम टळतं. घासायचं मशीन लावायची घाई होते ती इथेच: शंभर वर्षांत आलेला रंग मशीन दहा मिनिटांत खरवडून काढते आणि फळी नव्या दुकानातल्यासारखी कोरी दिसते.

उधई आणि भुंगेरा, दोन्हींवर उपाय एकच का?

नाही. उधई, म्हणजे वाळवी, जमिनीतून येते. तिच्या मातीच्या नळ्या असतात आणि तिला ओल लागते. वस्तू जमिनीपासून उचलली, माती खरवडली आणि लाकूड सुकलं की ती निघून जाते. उरतं ते पोकळ लाकूड. खरी दुरुस्ती घराच्या फरशीची आणि भिंतीची करावी लागते, नाहीतर ती त्याच जागी परत येते.

भुंगेरा लाकडातच जन्मतो. एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं आणि पिठूळ भुकटी ही त्याची खूण. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही. खोडाच्या सालीकडचा पांढरट पट्टा खातो, आणि आंबा तर सगळाच. कोऱ्या लाकडावर बोरॅक्स-बोरिकचं पाणी चालतं: १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर, ब्रशने दोन-तीन हात, मधे पूर्ण सुकवून. पॉलिश किंवा रंग असलेल्या जागी ते आत शिरत नाही, त्यामुळे आधी थर काढावा लागतो. छिद्रांत इंजेक्शनच्या सुईने भरा. हे औषध पाण्याने धुऊन निघतं, म्हणून वर पॉलिश हवंच. हातमोजे घाला, मुलांपासून डबा दूर ठेवा.

विदर्भात मेच्या उन्हाचाही उपयोग होतो. ड्रॉवर, पाट, चौरंग अशा पातळ वस्तू काळ्या प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून पत्र्यावर किंवा गच्चीवर दोन-तीन दुपारी ठेवल्या तर आतलं तापमान किड्याला मारण्याइतकं, म्हणजे ५५ अंशांच्या वर जाऊ शकतं. जाड खांबांच्या गाभ्यापर्यंत ही उष्णता पोचत नाही. वेताचं, आरशाचं किंवा पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेलं सामान असं तापवू नका. आणि प्लास्टिक न गुंडाळता उघड्या उन्हात तर काहीच ठेवू नका, एका दुपारीत फळी तडकते.

हिरवा-निळा ऑइल पेंट कसा काढायचा?

दर दिवाळीला एक हात, असे आठ-दहा थर असतात. पहिली सावधगिरी शिशाची. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग शिशाचा असू शकतो असंच धरून चाला. म्हणून कोरडा रंग कागदाने किंवा मशीनने घासू नका. धूळ श्वासातून जाते आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांना सर्वांत जास्त बाधते. जाळून काढणंही बंद.

बाजारचा पेंट रिमूव्हर मोकळ्या हवेत, सकाळी, सावलीत लावा. जाड थर द्या, वरून प्लास्टिक झाका, नाहीतर आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो पाच मिनिटांत सुकून जातो. पंधरा-वीस मिनिटांनी फुगलेला रंग बोथट पट्टीने ओढा, नक्षीत बांबूची टोकदार काडी आणि जुना टूथब्रश. पितळी ब्रश चालतो, लोखंडी नको, त्याचे तुकडे लाकडात अडकून पुढे काळे डाग पडतात. खरवड जुन्या कागदात गोळा करून बंद पिशवीत टाका. चुलीत घालू नका.

कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवणं स्वस्त आणि जलद, म्हणून काही जण सुचवतात. त्याने साग काळवंडतो, तंतू भुसभुशीत होतात आणि सांध्यातला सरस विरघळतो. तिकडे जाऊ नका.

खुर्ची डुगडुगते. खिळा ठोकला तर चालेल?

तेच कुणीतरी आधी केलेलं असतं आणि म्हणूनच कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) फाटलेला असतो. सांधा पूर्ण उघडा. जुना सरस असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळून ठेवा, तो मऊ होतो. लाकडी हातोडीने, मध्ये फळीचा तुकडा धरून, हळूहळू ठोका.

आता कुसू आणि खाच दोन्हींवरचा जुना चिकट थर पटाशीने खरवडून काढा. फेविकॉल जुन्या सरसावर धरत नाही. महिनाभरात सांधा पुन्हा सुटतो तो याच कारणाने. कुसू झिजून बारीक झाला असेल तर त्याला सागाची पातळ ढलपी चिकटवून जाड करा, नुसत्या गोंदाने पोकळी भरू नका. कोरडा बसवून बघा: हाताच्या दाबाने शेवटपर्यंत जायला हवा, हातोडी लागली तर जास्त घट्ट आहे. गोंद लावून शिकंजा (क्लॅम्प) आवळा, कर्ण मोजून काटकोन तपासा, २४ तास सोडू नका. शिकंजा नसेल तर सुती दोरीचे दोन फेरे आणि मधे काठी घालून पीळ देणं तितकंच चांगलं काम करतं.

पुढे कधी सांधा उघडावा लागेल अशी किमती वस्तू असेल तर फेविकॉलऐवजी सरसच वापरा. रात्रभर पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवायचा. उकळला की त्याची पकड जाते.

टेबलाच्या फळीत बोटभर भेग आहे. लांबी (पुट्टी) भरू का?

कोणत्या महिन्यात विचारताय यावर उत्तर आहे. सागाची फळी रुंदीच्या दिशेने हवेतल्या ओलीप्रमाणे फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. ३ फूट रुंदीचा पृष्ठभाग मे ते ऑगस्ट या काळात ५ ते ८ मिलिमीटरने हलू शकतो. मेमध्ये भेगेत कडक लांबी किंवा लाकडाची चीप ठोकली, की पावसाळ्यात फुगायला जागा उरत नाही. मग फळी कमानीसारखी उचलते किंवा शेजारी नवी भेग पाडते.

म्हणून आधी भेग का पडली ते शोधा. बहुतेक वेळा फळी चौकटीला चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडलेली असते. ते खिळे काढा आणि फळी लाकडी गुटक्यांनी धरा: गुटक्याचं एक टोक चौकटीच्या खाचेत सैल, दुसरं फळीला स्क्रूने. मग फळी मोकळी सरकते. त्यानंतर एक पावसाळा जाऊ द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जी भेग उरेल तीच खरी. ती त्याच लाकडाची निमुळती चीप, तंतूंची दिशा जुळवून, एकाच बाजूला गोंद लावून भरा. केसाएवढ्या रेषा मेणाने भरा आणि विसरून जा.

कपाटाच्या दारातली मधली फळी चौकटीत सैल वाजते, ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. तिला गोंद लावू नका.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग जातील का?

लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून ते डाग पडतात, त्यामुळे घासून जात नाहीत, खोलवर असतात. खिळा काढा. १ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा आणि डागावरच नाही तर पूर्ण फळीला लावा, नाहीतर तिथे फिकट ठिपका उमटतो. तासाभराने स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा पुसा, दोन दिवस सावलीत सुकवा. हे विष आहे: हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, आणि स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही.

पायाचा तळ कुजलाय. पाय बदलावा का?

पूर्ण पाय बदलू नका. कुजका भाग कापून वरच्या निरोगी लाकडाला तिरका काप द्या. कापाची लांबी जाडीच्या सहापट हवी, म्हणजे २ इंच जाड पायाला १२ इंच. तसाच काप नव्या तुकड्याला देऊन इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या कडक गोंदाने) जोडा. सपाट बुंध्याला बुंधा चिकटवला तर पहिल्याच ओढाओढीत तुटतो. शेवटी पायाचा तळ पातळ इपॉक्सी किंवा गरम मेण पिऊ द्या. ओल तिथूनच वर चढते.

कोणतं पॉलिश करावं आणि कधी?

आधी जुनं कोणतं आहे ते बघा. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस आतल्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबा. चिकट होऊन तपकिरी रंग कापसाला लागला तर ते लाखेचं पॉलिश. अशा वस्तूला पुन्हा लाखच द्या, जुना थर काढायचीही गरज नसते.

१ लिटर स्पिरिटमध्ये १५० ते १८० ग्रॅम चपडा लाख टाकून काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत एक दिवस ठेवा, अधूनमधून हलवा, मलमलमधून गाळा. लोखंडी डबा नको, लाख काळी पडते. भिजवलेली लाख सहा महिन्यांत वापरा. जुनी झाली की सुकतच नाही, काचेवर थेंब टाकून तासाभराने बोट लावून बघा. लाकूड १२०, १८०, २२० नंबरच्या कागदाने तंतूंच्या दिशेने, हाताने घासा. कापसाची गोळी जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधा, लाख आत भरा, पिळून जवळजवळ कोरडी करा आणि न थांबता फिरवा. गोळी जागेवर थांबली की खालचा थर उचलला जातो. कापड ओढायला लागलं तर बोटाने जवस तेलाचा एक थेंब, जास्त नाही. पहिल्या दिवशी चार-पाच हात, रात्रभर विश्रांती, ४०० नंबरने हलकं घासून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

महिना महत्त्वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये ओल थराखाली अडकून पॉलिश पांढरट होतं. मेच्या दुपारी स्पिरिट हातातच उडतं आणि पट्टे पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते चार, हा आपला पॉलिशचा हंगाम. सांधे जोडायलाही हेच महिने बरे. पावसाळ्यात रंग काढणं, पितळ साफ करणं, वेत विणणं अशी कामं उरका.

जेवणाच्या टेबलाला लाख नको, गरम पातेल्याने आणि सांडलेल्या पाण्याने डाग पडतात. तिथे पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा मेलामाइनचं पॉलिश लावावं लागतं, पण त्यावर ओरखडा पडला की अख्खी फळी घासावी लागते हे माहीत असू द्या.

घरच्या तेलघाण्याचं जवस तेल लावलं तर?

चालतं, पण ते कच्चं तेल असतं. एक पातळ हात सुकायला आठवडा लागतो. निम्मं टर्पेंटाइन मिसळा, अर्ध्या तासाने उरलेलं सगळं पुसून काढा. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल एक-दोन दिवसांत सुकतं. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, तिळाचं किंवा खोबरेल लावू नका: ती नीट सुकत नाहीत, धूळ धरतात आणि काळा चिकट थर बसतो.

जवस तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच धोका. प्रत्येक फडकं दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

आरामखुर्चीचा वेत कशामुळे तुटतो?

कोरड्या हवेने. वेताला ओल लागते, आणि आपल्याकडे मार्च ते जून ती मिळतच नाही. महिन्यातून एकदा बैठकीच्या खालच्या बाजूने, जिथे चकाकी नाही तिथे, पाणी फवारा आणि रात्रभर बसू नका. थोडी खाली गेलेली बैठक एवढ्यानेच वर येते. विणायला घेताना वेत वीस-तीस मिनिटं पाण्यात भिजवा, जास्त भिजवला तर काळा पडतो. विणताना फार ताणू नका, सुकताना तो स्वतःच आवळतो. भोकांच्या कडा तुटल्या असतील तर आधी चौकट दुरुस्त करा.

जुनी बंगई (झोपाळा) टांगायला सुरक्षित आहे का?

फळी बघण्याआधी कड्या बघा. पितळी साखळीची प्रत्येक कडी जिथे दुसरीला घासते तिथे झिजते. तिथली जाडी मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशाहून कमी असेल तर ती कडी बदला किंवा साखळी फक्त शोभेला ठेवून आत लोखंडी साखळी घाला. कोपऱ्यातल्या कड्यांचे बोल्ट फळीतून आरपार जाऊन खाली वायसर-नटाने आवळलेले हवेत, नुसते स्क्रू नकोत. टांगल्यावर पोत्यांत वाळू भरून, बसणाऱ्या माणसांच्या दुप्पट वजन, एक रात्र ठेवा. छताचा हूक स्लॅबमध्ये असेल तर तो कसा बसवलाय हे मिस्त्रीकडून बघून घ्या.

गंजलेला स्क्रू निघत नाही, आणि पितळ काळं पडलंय.

स्क्रूच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंग इस्त्री दोन मिनिटं धरा, गार होऊ द्या, मग खाचेत नीट बसणाऱ्या पेचकसाने आधी थोडं आवळा आणि मग सोडवा. नवा पितळी स्क्रू सागात थेट पिळला तर मान तुटते. आधी छिद्र पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळी स्क्रूला साबण चोळून बसवा.

पितळेचे मुठी-कोयंडे लाकडावरून काढूनच चिंच-मिठाने घासा आणि धुऊन पूर्ण कोरडे करा. लाकडावर ठेवून घासलं तर भोवती हिरवट कड उमटते. आरशासारखी चमक आणायची गरज नाही.

गावच्या वाढईकडे (सुताराकडे) दिलं तर काय सांगावं?

हाताचं कसब त्याच्याकडे असतं, पण नवं करून द्यायची सवयही असते. म्हणून आधीच ठरवा: कोणता भाग बदलायचा नाही, मशीन लावायचं नाही, खिळा मारायचा नाही, नवा तुकडा जुन्याच सागाचा. काढलेला प्रत्येक तुकडा परत मागा. मजुरी रोजावर ठरवलेली बरी. उक्त्या कामात सांधा उघडण्याऐवजी बाहेरून पट्टी मारली जाते.

कपाट तयार झालं, पण आतला कुबट वास जात नाही.

आतून पॉलिश नसतं, त्यामुळे लाकडाने धान्य, डांबरगोळ्या, उंदीर सगळं पिऊन ठेवलेलं असतं. आतली बाजू आधी व्हिनेगर-पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसा, दारं उघडी ठेवून आठवडाभर सुकवा, मग पातळ लाखेचे दोन हात आतून द्या. लाख वास आत कोंडते. तेल आतून कधीच लावू नका, बंद जागेत त्याचा वास वर्षभर राहतो आणि कपड्यांना लागतो.